तांदळात लिहिलेलं नाव

४ मे १९७२, राहाता

पोलीस पाटील दारात! देवकी नावाची बाई इथं राहते का, म्हणून विचारत होते. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवकी? अशी कुनी न्हाई आमच्या घरात." पाटील चहा पिऊन गेले.

नाही कशी? माझी धाकटी जाऊ रुक्मिणी लग्नाआधी देवकीच होती! भाऊजींचं नाव राधाकृष्ण. कृष्णाची बायको देवकी कशी — देवकी तर त्याची आई! पाहुण्यांत हसं नको म्हणून सासूबाईंनी पत्रिकाच रुक्मिणी नावानं छापून घेतली. लग्नात भाऊजींनी अंगठीनं तांदळात तेच नाव लिहिलं. ताट मी धरलं होतं.

पण पोलीस हिला कशाला शोधतात? आणि पाटील जाईपर्यंत ही चुलीपासून हलली का नाही? कुठंतरी पाणी मुरतंय.

५ मे

अखेर भाऊजी जेवताना बोलले. रुक्मिणी परदेशी आहे! मॉरिशस म्हणून बेट आहे, तिथली. पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या कामाला गेले ते तिकडचेच झाले. ही पुण्याला कॉलेजात शिकायला आली, तिथं भाऊजींची गाठ पडली. सरकारची परवानगी फक्त शिकण्यापुरती. लग्नासाठी कॉलेज सोडलं, परवानगी संपली. आता महिनाअखेर देश सोडायचा.

आम्हाला सांगितलं होतं, माहेर लांब आहे. समुद्रापलीकडं आहे हे कोण सांगणार! सासूबाई ताटावरून उठल्या.

मला वेगळीच शंका. इथं राहायला मिळावं म्हणून तर हिनं लग्न केलं नसेल? ट्रंकेला सदा कुलूप असतं.

९ मे

नगरला वकिलाकडे गेलो. डोळा ठेव म्हणून सासूबाईंनी मलाही पाठवलं. वकील म्हणाले, तीन वाटा. मुदत वाढवून मागायची — मिळाली तर दोन-तीन महिने. नाहीतर परत जायचं आणि तिकडून अर्ज करायचा — पुन्हा येऊ देतील याचा भरवसा नाही. तिसरी वाट खरी: भारतीय माणसाची बायको म्हणून इथलं नागरिकत्व मागायचं. त्याला लग्नाचा पुरावा हवा.

पुरावा आहे की! पण पत्रिकेत रुक्मिणी, ग्रामपंचायतीच्या दाखल्यात रुक्मिणी. पासपोर्टात देवकी. वर पाटलांनी कळवलंय की देवकी इथं राहतच नाही. वकिलांनी कपाळाला हात लावला. घरच्यांनी जाऊन सांगायला हवं, दोघी एकच म्हणून. भाऊजी म्हणाले, मी जातो.

१५ मे

तिसगावचे मामा, सासूबाईंचे भाऊ, आंब्याची पाटी घेऊन आले. त्यांच्या मुलीला भाऊजींनी गेल्या दिवाळीत नकार दिला तेव्हापासून फिरकले नव्हते. आताच बरे आंबे पिकले! सासूबाई मामांशी परसात कुजबुजत होत्या, मी गेले की गप्प.

भाऊजी एकटेच नगरला जाऊन आले. काय झालं? "होईल." एवढंच.

१६ मे

सासूबाईंना म्हटलं, पाटलांना खरं काय ते सांगून टाका. म्हणाल्या, "मी रुक्मिनी आनली. देवकीचं मला काय ठावं?"

१८ मे

राहवेना. रुक्मिणीला सरळ विचारलं, ट्रंकेत काय आहे? तिनं मुकाट्यानं किल्ली दिली. कॉलेजची पुस्तकं, दोन झगे. झगे बघून सासूबाई रागावतील म्हणून कुलूप! मग म्हणाली, "जाऊबाई, मला परत जायचं नाही. पण हे माझ्याशी बोलत नाहीत हो. तिसगावला जाऊन आल्यापासून नाहीच."

तिसगावला? भाऊजी कधी गेले तिसगावला? इतके दिवस मी भलत्याच माणसावर डोळा ठेवून होते.

२३ मे

सासूबाईंना साईबाबांचं दर्शन सांगितलं आणि रुक्मिणीला घेऊन नगरची एसटी धरली. कचेरीतल्या साहेबांनी फाइल उघडली. म्हणाले, "यांच्या नवऱ्याचा जबाब आलाय. देवकी नावाच्या बाईशी माझं लग्न झालेलं नाही, असं म्हणतात ते."

रुक्मिणीनं माझा हात धरला. रडली नाही. मला मात्र संताप आवरेना. ज्या हातानं अंगठी धरली त्याच हातानं सही केली!

मी म्हणाले, "साहेब, दोन्ही नावं हिचीच. रुक्मिणी हे नाव हिच्या नवऱ्यानंच तांदळात लिहिलं. ताट मी धरलं होतं."

त्यांनी माझा जबाब घेतला. गावात फेरचौकशी होईल. ती होईपर्यंत हिला कुणी घालवणार नाही. पाटील काय कळवतात त्यावर पुढचं.

एसटीत आमच्या ह्यांचा विचार येत होता. सख्ख्या भावाच्या विरुद्ध साक्ष! घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, बैलांना पाणी पाजायला गेले.

२५ मे

पाटील आले. पुन्हा तोच प्रश्न. ओट्यावर सासूबाई, भाऊजी, तिसगावचे मामा, आमचे हे. मी उंबऱ्यात उभी राहून आत हाक मारली — "देवकी, बाहेर ये."

ती आली. आमच्या ह्यांनी सरकून तिला उभं राहायला जागा करून दिली.