अपूर्णांक आणि धाकट्या जाऊबाई

तीर्थस्वरूप वन्संना,
गुडघे जेवढं वाकू देतात तेवढं वाकून नमस्कार.

तुमचा रक्तदाब कसा आहे? मीठ कमी केलंत का? माझा विचाराल तर वाढलाय, आणि त्याला मीठ जबाबदार नाही, तुमची धाकटी भावजय जबाबदार आहे.

जाऊबाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. गणित मी शिकवलं, त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात, तिच्या वर्गाचा गोंगाट भिंतीतून ऐकत. आता निवृत्त झाल्यावर ती फोनवर काय शिकवते, तर अपूर्णांक. रोज संध्याकाळी थेट वर्ग. रंगीत खडूंनी कलिंगड काढते, त्याच्या फोडी करते, आणि हजारो पोरं तिला बदाम पाठवतात (पत्त्यांतला असतो तसा, लाल). आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरनी अपूर्णांक शिकवले ते हातात पट्टी घेऊन. बदाम कुणी मागितला नाही, पण समच्छेद आजही झोपेत करून दाखवीन. आणि कहर म्हणजे आमची शाळाच तिच्या वर्गाची लिंक पालकांच्या ग्रुपवर टाकते. मी तिथे हयात घालवली, मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही मागे पडतं.

हेही मी गिळलं असतं. पण माझी नात, पाचवीतली, रोज संध्याकाळी माझ्या टेबलाशी गणित घेऊन बसायची. आता त्याच खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसते आणि ‘छोटी आजी, कळलं’ असं त्या काचेला सांगते. माझं काय चुकतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, छोटी आजी एकच गोष्ट चारदा सांगते आणि चारही वेळा हसते. तू दुसऱ्यांदा सांगताना चष्मा काढतेस. (काढते. पुसायला काढते.)

मग मीही वर्ग काढला. सूनबाईने फोन पिठाच्या डब्याला टेकवून दिला आणि मला एकटीला सोडून गेली. मी फळ्यावर प्रश्न लिहिला, अर्ध्याचा तिसरा भाग किती, आणि थांबले. माझ्या वर्गात उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ कधी लिहिली गेली नाही, आणि शेवटच्या बाकावर नजर रोखली की उत्तर येतंच. या वर्गात शेवटचा बाक कुठे असतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी काचेच्या मधोमध रोखून पाहत राहिले. बराच वेळ. खाली लोक लिहीत होते म्हणे: नेट अडकलं का, हा फोटो आहे का, कुणीतरी बाईंच्या घरी फोन करा. शेवटी नात दारातून म्हणाली, “आजी, पुढे बोल ना. तिथे उत्तर द्यायला कुणी बसलेलं नाही.” म्हटलं, मग शिकवायचं कुणाला? “सगळ्यांना,” म्हणाली. आणि एक षष्ठांश असं उत्तर देऊन (बरोबर होतं) पळाली, कारण पलीकडच्या खोलीत दुसऱ्या फोनवर छोट्या आजीचा वर्ग सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माझ्या त्या फजितीला एक बदाम पाठवला. एवढाच आला.

मी कुणाचा हेवा करणाऱ्यांतली नाही, हे तुम्ही जाणताच. प्रकृतीला जपा.

तुमची,
थोरली भावजय

ता. क. तिला बदाम देणाऱ्यांत तुमचंही नाव दिसलं. वयोमानाने बोट घसरलं असेल, असं धरून चालते.

ता. क. आणखी एक. ती तुमचं ऐकते. तुमच्याच मनात आलंय असं दाखवून तिला सुचवा की वर्ग सकाळी, शाळा भरण्याआधी घ्यावा. संध्याकाळी पोरं दमलेली असतात. माझ्या टेबलाशी नात दमलेली चालेल मला.

ता. क. शेवटचं. पण अगदी पहाटे नको म्हणावं, माझं फिरणं आटपू दे. पुढच्या आठवड्यात ती दशांश सुरू करते आहे, आणि सुरुवात चुकली की मला पुढचा संदर्भ लागत नाही.