उशी कुठे लपवणार?

क्लिफर्ड,

पोट दिसेल म्हणून तालमीतून पळालास, आणि आता बहिणीचा फोनही उचलत नाहीस? अरे, कपडे उतरवून नाचणाऱ्या बाप्यांच्या त्या गाजलेल्या सिनेमाचं संगीत नाटक आपल्या ॲक्रन शहरात होतंय, आणि जाड्याचं गाणं तुझ्या गळ्यावाचून अडलंय!

सगळ्यांच्या पँटना मी शिवणीऐवजी चिकटपट्ट्या लावल्या. एका हिसक्यात निघतात, बघच!

दिग्दर्शक म्हणाला, "लोरेटा, बारीक माणूस घेऊ, पोटाला उशी बांधू."

मी म्हटलं, "कपडे उतरल्यावर उशी कुठे लपवशील रे, शहाण्या?" सगळे खिदळले.

टायरचा कारखाना बंद पडल्यापासून तू तोंड लपवून बसलायस. इथे तुझं पोटच पाहिजे. शुक्रवारपर्यंत हो की नाही सांग. तुझी पँट मी कोणाला घालू देत नाहीये.

तुझीच,
लोरेटा