सव्वीस वर्षं न खाल्लेलं केळं

शुक्रवार पेठ, सोलापूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. बजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेहून बाबा आणि मी सुखरूप पोचलो. फोन केला असता, पण तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून मी इथे ओरडते आणि ऐकतात शेजारी. म्हणून पत्र.

भांडायचं आहे. निघताना मी केळं सोलून पुढे केलं आणि तू हात मागे घेतलास. कारण नंतर शिवलीला वहिनीनं सांगितलं. मी सातव्या महिन्यात जन्मले, जगेन असं कुणाला वाटेना, तेव्हा तू अंबाबाईपुढे बोललीस की पोर वाचली तर जन्मभर केळं तोंडात घालणार नाही. आत्या, सयाजीदादाच्या चार एकर केळीत राहून सव्वीस वर्षं! आणि मला पत्ता नाही!

देवीनं तुला जगवलं, असं तू मला माझ्या लहानपणी सांगायचीस. मी खरं मानलं. दहावीपर्यंत कंपासपेटीत अंगाऱ्याची पुडी ठेवून पेपर लिहिले. पण जिला आपण आई म्हणतो, ती लेकराच्या जिवाच्या बदल्यात कुणाच्या ताटातलं केळं काढून घेईल? एक तर ती आई नाही, नाहीतर हा सौदा तिचा नाही. मी म्हणते, सौदा तिचा नाही. तेव्हा केळं खा. माझी शपथ घातली असती, पण शपथांवरही माझा विश्वास उरलेला नाही.

रागाव, पण माया कमी करू नकोस.
तुझी आरोही


खांबेवाडी, ता. करमाळा
२५ नोव्हेंबर २०२४

चि. आरोहीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. शिवलीला वाचून दाखवणार होती, मीच हिसकावलं. सातवी पास हाय मी. भाषण झकास हाय. टाळ्या वाजवल्या असत्या, पण हाताला शेण होतं.

पोरी, तू व्याख्यानं देतीस, स्टेजवर चुकलीस तर लोक हसत्यात. मी चुकले तर? तळहाताएवढी होतीस तू. डॉक्टर मान खाली घालून गेले. तवा माझ्या हातात दुसरं काय होतं? जे लई आवडीचं, तेच सोडलं. देवी ऐकती का न्हाय मला ठाव न्हाय, पण तू जिती हायस की! चालत्या गाडीचं चाक काढून कोण बघतं? सयाजी बी म्हणतो, आई खा की. त्याला म्हणलं, आधी तुझी बंद पडलेली मोटार बघ.

एवढी खात्री असंल तर हितं ये, तुझ्या हातानं भरव आन माझ्या डोळ्यात बघ. मग ठरवू कोण कच्चं हाय ते.

भाजक्या शेंगा पाठवल्यात. जिवाला जप.
आत्या बजाबाई


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ डिसेंबर २०२४

ती. बजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कच्ची मी निघाले. दोनदा एसटी स्टँडवर गेले आणि दोनदा परत आले. भर सभेत नवसांवर तोफ डागणारी मी, तुला केळं भरवायच्या कल्पनेनं घाबरले. वाटलं, मलाच काही झालं तर? विचारांनी हाकललेली भीती हाडांत दडून बसते.

स्वतःची लाज वाटली. म्हणून तेव्हा नक्की काय घडलं ते शोधायला निघाले. बाबांनी त्या वेळच्या नर्सबाईंचं नाव सांगितलं, जुलेखाबी. आता त्या आमच्या मागच्याच बोळात राहतात! त्यांना सगळं आठवतं. काचेची पेटी एकच होती आणि तिच्यात दुसरं बाळ होतं. आई तापानं फणफणलेली. म्हणून त्यांनी तुला मला उघड्या छातीशी धरायला सांगितलं. एकवीस दिवस तू भिंतीला टेकून बसलीस, मला कातडीला चिकटवून, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजत. त्या उबेनं पोर वाचली, असं त्या म्हणाल्या. बजाबाई अजून तेवढीच हट्टी आहे का, असंही त्यांनी विचारलं.

हे तू कधीच का सांगितलं नाहीस? राबायचं स्वतः आणि ओटी भरायची दुसरीची, ही आपल्या बायकांची खोड मला सहन होत नाही. एकवीस दिवस देवी देवळात होती, आत्या. दवाखान्यात तू होतीस.

तुझ्या उबेवर वाढलेली,
आरोही


खांबेवाडी
८ जानेवारी २०२५

चि. आरोहीस अ. उ. आ.

जुलेखाबीला माझा सलाम सांग. बाई न्हाय, सोनं हाय ते.

बसले होते खरं. पण नवस बोलले म्हणून बसायचं बळ आलं, तेवढं अंबाबाईच्या नावावर राहू दे. तिनं बळ दिलं, मग केळं कशाला मागंल, हे तुझं म्हणणं मात्र डोक्यातून जाईना. काल मंगळवारी देवळात गेले आन तिला सांगून टाकलं, की आज खाणार हाय. रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरीला धक्का लागला तर मंगळवारची यायची बंद. पायरीवर बसून अर्धं खाल्लं. गोड लागलं का तुरट, कळलंच न्हाय. समदा जीव तुझ्यापाशी.

उलट टपाली खुशाली कळव. खरं लिव.
आत्या बजाबाई


शुक्रवार पेठ, सोलापूर
१३ जानेवारी २०२५

ती. बजाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहिते. खाली बस आणि वाच.

शुक्रवारी माझा पाय मोडला. घोट्याचं हाड चिरलंय, सहा आठवडे प्लास्टर. बाबा म्हणाले, आत्याला कळवू नकोस. पण लपवलं तर देवीनंच मोडला असं मी कबूल केल्यासारखं होईल. म्हणून नीट ऐक. गल्लीत पाइपासाठी खणलेला खड्डा आहे, त्यात पडले. पुढच्या व्याख्यानाचे मुद्दे जुळवत, आभाळाकडे बघत चालले होते. तो खड्डा दिवाळीपासून आहे. त्याच्याविरुद्ध मी गल्लीत भाषणसुद्धा ठोकलंय. तू केळं खाल्लंस सात जानेवारीला. आत्या, खड्डा केळ्याच्या आधीचा आहे!

घाबरू नकोस. घाबरलीस तरी पुन्हा सोडू नकोस.
लंगडी आरोही


खांबेवाडी
२४ जानेवारी २०२५

चि. आरोहीस अ. उ. आ.

पत्र वाचलं आन खरंच खाली बसले. दोन दिस घास उतरला न्हाय. पुन्हा सोडते म्हणायला हात जोडले बी होते. मग वाटलं, बाप लपव म्हणत होता, तरी पोरीनं लपवलं न्हाय. माझ्यावर एवढा भरवसा टाकला, आन मी मागं सरू? कॅलेंडरवर बोट ठेवून दिस मोजले. खड्डा आधीचा हाय.

सोमवारी दुसरं केळं खाल्लं. अख्खं, सावकाश, चव घेऊन. आता सांगते ते कुणाला सांगू नगंस. त्यात काय बी चव न्हाय! पूर्वीचं देशी केळं पिकलं की घरभर वास सुटायचा. हे नुसतं लांबलचक आन चकचकीत, खोक्यात घालून परदेशी धाडायचं. सयाजीला म्हणलं, तुझ्या मालापरीस माझा नवस गोड हुता. फणकारून शेतात गेला. तिसऱ्या दिशी मुकाट्यानं देशी केळीची चार रोपं आणून बांधावर लावली.

घड धरला की ये. तुझं तू खा, माझं मी खाते. पहिला फणा मातर अंबाबाईला देणार. भ्याले म्हणून न्हाय. शेजारीण हाय माझी.

प्लास्टर निघालं की पायाला शेक देत जा.
आत्या बजाबाई