अस्वलाले मार्केट नाई

घुग्घुस,
होळी होऊन आठ दिवस झाले

सोनीबाईस भाऊजीचा जयभीम, आणि धनराजभाऊंनाही.

पोस्टमननं हाक मारली म्हणून घाबरली असशील तर आधी पाणी पी. इथे सगळे बरे आहेत. प्रफुल सिमेंटच्या शिफ्टा करून राह्यला, खुशबू माझ्या गोळ्या वेळेवर हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही. तुझा मोतीबिंदू काढल्याचं तिच्याकडूनच कळलं. आता जग स्वच्छ दिसत असेल, तर काही दिवस घुग्घुसला येऊ नकोस. डॉक्टरची मेहनत वाया जाईल. (कागदावर काळे ठिपके दिसले तर ते अनुस्वार समजू नको. खिडकी उघडी आहे आणि बाहेर कोळसा चालला आहे.) धनराजभाऊंचा दमा कसा आहे? मूलच्या राइस मिलमधलं काम त्यांनी सोडलं हे बरं केलं.

तुझे फोन येतात हे मला माहीत आहे. उचलत नाही याचं कारण ट्रक. त्यांच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. ऐकू आली तर फोन सापडत नाही. सापडला तर तो खुशबूचा असतो. (हे कारण पटलं नाही तर पुढे दुसरं देतो.) शिवाय मी नोकरीभर पोरांना 'तुमच्या मावशीस पत्र लिहा' हा पाच गुणांचा प्रश्न सोडवायला लावला, आणि प्रफुलच्या मावशीला मात्र स्वतः एक ओळ लिहिली नाही. ते पाच गुण आज मिळवतो.

तर विषय असा, की तुझ्या भाऊजीवर सिनेमा निघाला. 'शाळेत शिरला काळ' असं नाव आहे आणि खाली लाल अक्षरांत 'सत्य घटनेवर आधारित'. सत्य घटना म्हणजे आपली, भामरागडच्या वाटेवरच्या त्या दहा-बारा घरांच्या टोल्यावरची, चाळीस वर्षांपूर्वीची. तुला ती पाठ असेल, तरीही लिहितो, कारण ती सध्या माझ्याच हातून निसटून राह्यली आहे.

मोहाचे दिवस होते. पहाटे फुलं पडली की सारी पोरं आयांबरोबर टोपल्या घेऊन जंगलात जायची आणि शाळेत मी अन् फळा असे दोघेच उरायचो. मग मी युक्ती काढली, की फुलं वेचा, पण वाळत घालायला शाळेच्या अंगणात आणा. हजेरी एकदम भरली. साहेबांनी कौतुकाचा शेरा दिला. मोहाचा वास जंगलात कुठवर जातो याचा विचार साहेबांनीही केला नाही, मीही नाही. त्या सकाळी मी दुसरीला पावसाची कविता शिकवत होतो. (चाल तीच. मला एकच चाल येते, सगळ्या कविता मी तीत बसवल्या, काही कवितांना त्रास झाला असेल.) माझी कविता म्हणायची पद्धत तुला ठाऊक आहे, डोळे मिटून. तिसऱ्या कडव्याला वर्ग इतका शांत झाला की मला वाटलं, आज कविता पोचली. डोळे उघडले तर सारी पोरं माझ्या पाठीमागे भिंतीला चिकटलेली, आणि दारात, अंगणातली फुलं खाऊन पोट ओघळलेलं, डुलणारं एक अस्वल.

पुढचं काम तुझ्या बहिणीनं केलं. मी खडू हातात धरून उभा होतो. रुखमा आपल्या घरातून तीन दिवसांच्या मोहाची टोपली कडेवर घेऊन आली, शेजारच्या बकरीवर ओरडायची तशी त्या अस्वलावर ओरडली, आणि मूठ मूठ फुलं टाकत नाल्याकडे चालू लागली. अस्वल खात खात तिच्या मागे. नाल्यापलीकडे तिनं उरलेली टोपली उपडी केली, लांबचा फेरा घालून परत आली, शाळेच्या दारात उभी राहिली आणि मला एक वाक्य बोलली. तू रांजणापाशी होतीस. तू इतकी हसलीस की खाली बसलीस. झालं, एवढीच घटना.

आता सिनेमा ऐक.

चंद्रपूरहून विक्की नावाचा एक मुलगा आला. पटकथा लिहितो, कानात बाळी आहे, पण स्वभावानं गरीब. खुशबूनं केलेला चिवडा खाल्ला, सगळं ऐकलं, टिपलं, आणि म्हणाला, "गुरुजी, कहानी एक नंबर हाय. फक्त अस्वल काढा लागते."

मी विचारलं, "काऊन?"

"अस्वलाले मार्केट नाई ना, गुरुजी. चंद्रपूर म्हटलं का वाघ. लोकं वाघ पाहाले जिप्सी करून येतात, अस्वलाले कोन येईन?"

तर अस्वलाचा वाघ झाला. वाघ मोह खात नाही, म्हणून मोह गेला. (तसाही तो जाणारच होता. जिल्ह्यात दारूबंदी, मोहाची टोपली दाखवली की लोक बाटली पाहतात, असं विक्कीचं म्हणणं. लहान पोरांच्या हातची फुलं होती रे बाबा, म्हटलं, तर 'भावना समजते गुरुजी' म्हणाला.) मोह गेला म्हणून टोपली गेली, आणि टोपली गेली तशी रुखमाला काही कामच उरलं नाही. मग तिच्या हाती आरतीचं ताट दिलं. आपल्या घरी आरतीचं ताट कधी होतं का, सोनीबाई? पण आहे, पितळी आहे, त्यात दिवाही आहे. मी सहा फुटी झालो, दाढी आली, दंड आले. टाटपट्टीच्या जागी बाकं आली. तू सिनेमात नाहीस. साळी दाखवली तर तिचं लग्नही दाखवावं लागते, असं काहीसं दिग्दर्शकाचं म्हणणं पडलं. तुझ्या जागी एक पांढरं कुत्रं घेतलं आहे. रागावू नको, काम चांगलं केलं त्यानं. तू जिथे हसलीस तिथे ते भुंकतं.

उद्घाटनाच्या खेळाला चंद्रपूरला नेलं, शाल घातली, पहिल्या रांगेत बसवलं. तिथून वाघाच्या मिशाच तेवढ्या दिसतात. सुरुवातीला पडद्यावर आलं, 'सत्य घटनेवर आधारित'. टाळ्या झाल्या. टाळ्या विरायच्या आत दुसरी पाटी आली, 'यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत'. मी प्रफुलला विचारलं, दोन्हीतलं कोणतं धरायचं? खुशबू म्हणाली, "बाबा, मोठ्या अक्षरात हाय थे धरा."

सिनेमात वाघ माझ्या डाव्या खांद्यावर पंजा मारतो. बाहेर पडलो तर लोकांनी गराडा घातला, गुरुजी, खूण दाखवा. नाही म्हटलं, तर त्यांना तो विनय वाटला. पुढे इथे एका लग्नात पुन्हा तेच, बाजारात पुन्हा तेच, आणि एक दिवस खूण कोणी विचारायच्या आधीच माझा उजवा हात डाव्या खांद्यावर गेलेला मला दिसला. सांगायला लाज वाटते, पण मागच्या थंडीत तो खांदा दुखला. खुशबूनं बाम चोळला. आता तू हसशील.

पण पुढचं ऐकून हसू नकोस. जानेवारीत त्यांनी टोल्यावर जाऊन शाळेच्या अंगणात संध्याकाळी पडदा बांधला. मी गेलो. मनात म्हटलं, इथली माणसं साक्षीदार आहेत, ही काही फसणार नाहीत, वाघ दिसताच हसतील. कोणी हसलं नाही. देवराव (तोच, टोल्याच्या टोकाचा, जो त्या दिवशी मीठ आणायला भामरागडच्या बाजारात गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परतला) उठून उभा राहिला आणि सगळ्यांना सांगू लागला, की वाघाच्या पाठीत काठी त्यानं घातली.

मी म्हटलं, "देवराव, तू तं होताच नाई. अन् अस्वल होता तो."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "गुरुजी, तुमचं वय झालं. होते असं कधी कधी." आणि बाकीच्यांकडे पाहून हळूच म्हणाला, "बिचारे. बाई गेल्यापासून असेच करून राह्यले."

माझे स्वतःचे विद्यार्थी, आता आजे झालेले, त्यांनीही माना हलवल्या. वाघच होता म्हणे. एकानं तर त्याचे पट्टे मोजले होते. (तो गणितात कच्चा होता.)

फक्त सोमारी उठून माझ्याजवळ आली. दुसरीत होती ती तेव्हा, पहिल्या ओळीत बसायची, माझ्यापेक्षा चांगल्या चालीत म्हणायची. म्हणाली, "गुरुजी, बाईनं मोह टाकला होता ना? माह्या टोपलीतलाबी नेला होता. थे काऊन नाई दाखवलं?"

मी म्हटलं, त्यांनी घेतलं नाही.

"मंग तुमी सांगितलं नाई का?"

बाई शाळेच्या दारात मला काय बोलल्या, तुला आठवते का, असं मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, तिनं तेव्हा कान झाकून ठेवले होते, डोळे तेवढे उघडे होते.

सिनेमात त्या वाक्याच्या जागी काय आहे, सांगतो. वाघ गेल्यावर ती नटी (मुलगी गोड आहे, पुण्याकडची) ताट घेऊन येते, डोळ्यांत पाणी आणते आणि म्हणते, "अहो, आज तुम्ही नुसते गुरुजी नाही, या जंगलाचे दैवत झालात." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीत इतका अवघडलो की प्रफुलला वाटलं गोळी राहिली. रुखमानं मला जन्मात 'अहो' म्हटलं नाही. 'मास्तर' म्हणायची, तेही कामापुरतं. आणि दैवत? ज्या माणसाला दुधाची पिशवी नीट कापता येत नाही त्याला?

पण सोनीबाई, मी तो सिनेमा पाच वेळा पाहिला. चूक शोधायला जातो असं घरी सांगतो. आता अडचण अशी झाली आहे, की डोळे मिटून तो दिवस आणायला गेलं की सगळं येतं. फुलांचा वास येतो, खडू येतो, तू रांजणापाशी खाली बसलेली दिसतेस, रुखमा रिकामी टोपली कमरेवर घेऊन दारात येते, तोंड उघडते, आणि 'अहो' ऐकू येतं. पुढे पुढे चेहराही हलतो, त्या नटीचा होऊ लागतो. तिचा एकच फोटो आहे, तोही ओळखपत्राचा, त्यात ती फोटोवाल्यावर रागावलेली आहे. तो समोर धरून पाहिला. फोटो बोलत नाही आणि सिनेमा गप्प बसत नाही.

असो. सिनेमावाल्यांनी इतिहासाशी किती इमान राखावं यावर मी वर्तमानपत्राला एक खरमरीत पत्र लिहायला घेतलं होतं. चार ओळींच्या पुढे गेलं नाही. का, ते खाली लिहितो. डोळ्यांत औषध वेळेवर टाक. धनराजभाऊंना सांभाळ.

तुझा भाऊजी,
रामाजी

ता. क. एक काम आहे. खरं तर तेवढंच काम होतं, वरचं सगळं पाच गुणांसाठी. त्या दिवशी दारात रुखमा मला काय बोलली, ते मला लिहून कळव. ऐकणारी तूच होतीस. तू हसलीस त्या अर्थी दैवत-बिवत काही नसावं. वाईट असलं तरी गाळू नको. वाईट असलं तर आधी लिही. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. वर्तमानपत्राचं पत्र का पुढे गेलं नाही ते राहिलं. विक्की चिवडा खाताना विचारत होता, "गुरुजी, मंग बाई काय म्हनल्या?" मला आठवेना. रुखमा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि मला तिचं वाक्य आठवेना. त्या पोरासमोर तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी डोळे मिटले आणि जे सुचलं ते सांगितलं. 'दैवत' माझं आहे. त्यानं जसंच्या तसं उतरवून घेतलं, एक काना इकडचा तिकडे केला नाही. साऱ्या सिनेमात तेवढंच एक वाक्य त्यांनी इमानानं घेतलं आहे. आणि पोरांना वर्गातून बाहेर मी काढलं, हेही मीच बोललो होतो. टोपलीचा उल्लेख मी केला, पण फार हळू. सोमारीला हे सांगायचं राहिलं आहे.

ता. क. तिसरा. पाकीट बंद झालं होतं, खुशबूच्या हातून परत घेऊन फोडलं. उत्तर लिहू नको, सोनीबाई. सोबतचं पाकीट दुसऱ्या कशाला वापर. फोन कर. ट्रकचं खोटं होतं. रुखमाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदा तुझा फोन आला तेव्हा मी उचलला होता. तू म्हणालीस, "मास्तर जेवले का?" लहानपणी बहिणीची नक्कल करून मला चिडवायचीस तसं, मला जरा हसवावं म्हणून. आवाज इतका तोच होता की मी फोन ठेवला, आणि तुला वाटलं नेटवर्क गेलं. त्यानंतर हिंमत झाली नाही. आता झाली आहे. रविवारी सकाळी कर, आठच्या सुमारास ट्रक थोडे कमी असतात. मी फोन उशाशी घेऊन बसतो. जयभीम-बियभीम, तब्येत-पाणी काही नको, उचलल्याबरोबर ते वाक्य बोल, ती बोलली तसंच, तेवढ्याच जोरात. तुलाही आठवत नसेल तर बनवून सांगू नको, 'मास्तर, मले आठवत नाई' एवढंच म्हण, पण त्याच आवाजात. मग पोटभर हस. मी मधे बोलणार नाही. डोळे मिटून ऐकीन.