मानेचा व्यायाम आणि काकूंचं कुंकू

मंगळवार, दिवेलागण

शिलाई मशीनवर बसून बसून मान आखडते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोन गिऱ्हाइकांच्या मधे डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा, मान हळूहळू गोल फिरवायची. आज दुकानात तेच करत होते. जरा शांत वाटायला लागलेलं, तोच कपाळाला कुणाचं तरी गार बोट लागलं. डोळे उघडले तर शेजारच्या काकू हात जोडून पायाशी बसलेल्या, आणि माझ्या कपाळाला कुंकू! आज देवीचा वार, त्यात मी डोळे मिटून मान फिरवतेय. त्यांना वाटलं, माझ्या अंगात आलंय.

"आई, माझा ल्योक बोलंल का गं माझ्यासंगं?"

"अवो काकू, मी हाय! मानेचा व्यायाम करतीय."

दोघी हसलो. पण त्यांचे डोळे काही हसले नाहीत; मुलानं त्यांच्याशी बोलणंच टाकलंय. मग त्यांना शेजारी बसवलं, माझ्याबरोबर श्वास घ्यायला लावला. उठताना म्हणाल्या, "व्यायाम तर व्यायाम. पर बोलंल न्हवं?"

"बोलंल की," मी म्हणून गेले.

कशाच्या जोरावर म्हणाले? मला काय ठाऊक त्या पोराच्या मनातलं?

कपाळावरचं कुंकू अजून पुसवत नाही.