कांद्याचा पक्का रंग

४ जानेवारी
शुद्धलेखन चुकलं तर माफी. टायपिंग एका बोटाने चालतं, आणि ताईच्या या जुन्या फोनवर ळ सापडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरायला होतं. माफी कोणाची मागतेय माहीत नाही, वाचणारी मीच. तरी मागून ठेवली.
ठरलं. मी रिसर्च करणार. शाळा सोडली म्हणून काय झालं? शाळेत तरी कुठे सूत रंगवायला शिकवत होते.
ताई ज्या लॅबमध्ये टायपिस्ट आहे तिथल्या मॅडम म्हणाल्या, कांद्याच्या सालीचा रंग कापसाच्या सुतावर तुरटी न घालता टिकवून दाखव, मदतीला घेते. म्हणताना हसल्या. कौतुकाने.
नाही जमलं तर एक तारखेपासून मामाच्या खिळ्यांच्या दुकानात काउंटरवर. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायचं! लॅबमध्ये फक्त पातेल्यांशी.

७ जानेवारी
साली उकळल्या. सूत बुडवलं. झक्कास केशरी. धुतलं. पांढरं.
दोष साबणाचा.

१० जानेवारी
परत पांढरं. पाणी मात्र सुंदर. ताई म्हणाली, पाणी रंगवायची परीक्षा असती तर पहिली आली असतीस. तिला रिसर्चमधलं काय कळतं.
उद्या पहाटे उठून नव्याने सुरुवात.

११ जानेवारी, सकाळी साडेदहा
उठले.

१५ जानेवारी
सुताचा गुंता झाला, कापून टाकलं. पलंगाखालच्या टोपलीत एक पांढरा गुंडा मिळाला. मीच ठेवला असणार. आठवत नाही, पण हुशार माणसं विसराळूच असतात.
खळखळून उकळला. धुतला. रंग गेला नाही!!! परत धुतला. आपटला. घासला. ढिम्म.

१६ जानेवारी
सूत आटलंय, जाड झालंय, हाताला टोचतं, आणि गळ्याभोवती गुंडाळलं तर चक्क गरम वाटतं. म्हणजे रंग तर बसलाच, वर कापसाचा स्वभाव बदलला. हे जगात आधी कोणी केलं असेल असं वाटत नाही.
आईचं काहीतरी हरवलंय. बाबांचा जुना स्वेटर उसवून परत विणतेय, एक बाही राहिली म्हणे. घरभर शोधत होती. मलाही विचारलं. मी मोठ्या विचारात होते, नुसती मान हलवली.

१८ जानेवारी
मामाला तोंडाने सांगणं जमेना. मेसेज केला, मला लॅबमध्ये नोकरी लागली, काउंटरला दुसरं कोणी बघ. मामाने अंगठा पाठवला. मग सगळ्या नातेवाइकांना कळवलं. आणि गल्लीला.
आता मॅडमना दाखवणं तेवढं उरलंय. फॉर्मॅलिटी.

२२ जानेवारी
पाठ केलेलं भाषण दारातच विसरले. नुसता गुंडा पुढे केला. मॅडमनी चिमटीत चोळला, माझ्याकडे बघितलं, एक धागा तोडून काडी लावली. कापूस भुरूभुरू जळतो, कागदासारखा वास येतो. हा आकसला, विझला, आणि खोलीभर केस जळल्याची घाण.
मॅडम म्हणाल्या, बाळा, ही लोकर आहे. लोकरीवर कांदा बसतोच, त्यात तुझं काही नाही.
मनात म्हटलं, बघा! कापूस इतका बदलला की मॅडमसुद्धा फसल्या. सांगणारच होते. तेवढ्यात मागून ताई ओरडली, अगं बये, ही बाबांची बाही!
तोंड उघडलं नव्हतं तेच बरं.

२५ जानेवारी
आईने त्या आटलेल्या लोकरीचीच बाही विणली. बाबांनी स्वेटर घातला. एक हात पांढरा, एक केशरी, केशरी कोपरापर्यंतच. बाबा म्हणाले, काही म्हणा, रंग मात्र पक्का आहे.
कोणी हसलं नाही.

३० जानेवारी
परत प्रयत्न करायचा विचार आहे. घरातले कांदे आईने कुलपात ठेवलेत.

१ फेब्रुवारी
दुकान. मामाने दुसरं कोणी बघितलंच नव्हतं. पहिलंच गिऱ्हाईक शेजारच्या काकू. अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, अगं, तू तर लॅबमध्ये लागलीस ना?
मी विचारलं, किती इंचाचे देऊ?
त्या दोन इंचाचे घेऊन गेल्या. मागच्या गिऱ्हाइकानेही लॅबचंच विचारलं. त्याच्या मागच्यानेही.
संध्याकाळी गल्लीला नवा विषय मिळाला, सुटले. पोस्टमनला जुळ्या मुली झाल्या.