सुक्या बांगड्यांतलं मीठ

आये,

गेल्या महिन्यापासून माझ्याजवळही गोळ्यांची डबी असते. सात खणांची, प्रत्येक खणावर वार लिहिलेला. तुझ्या वेळी ही डबी मीच होते. सकाळची पेज झाली की तुझ्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा आणि तू गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. "तोंड उगड," मी म्हणते. तू निमूट उघडतेस, जीभ वर करून दाखवतेस आणि विचारतेस, "दात मोजतंस काय गो? पाचच ऱ्हवलेत." मी हसत नाही. मला शाळेला उशीर होत असतो. आणि रुग्णाशी हसलं की रुग्ण सोकावतो, असं माझं तेव्हा मत होतं.

हे सगळं तू परसात चक्कर येऊन पडलीस त्या दिवसापासून सुरू झालं. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, कोलेस्टेरॉल सांगितलं. नारळ बेताने, अंड्यातला बलक बेताने, मीठ कमी, गोळी रोज. 'बेताने' हा शब्द मला कधीच पटलेला नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पोरांना विज्ञान शिकवणारी बाई मी, घरी येईपर्यंत मी त्या 'बेताने'चं 'बंद' करून टाकलं होतं. ज्यावर बसून तू जन्मभर नारळ खोवलास, तो आडाळा मी त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकला. पेपरात आहारावर काही छापून आलं की कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची आणि तुला वाचून दाखवायची. तू तांदूळ निवडता निवडता ऐकायचीस. "चाळीस वर्सां नारळाचा वाटाप वाटलंय मी. आता सारात काय घालू, तुजो पेपर?" आणि थोड्या वेळाने, तांदळातून मान वर न करता, "तुजो पेपर दर वर्सा बदालता. माझो नारळ आसा तसोच आसा." मी तुला दटावलं. काय बोलले ते आठवतं, पण इथे लिहीत नाही.

मिठाचंही मी केलंच. पानात मीठ वाढायचं बंद केलं, लोणच्याची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. पण बिननारळाच्या सारात भात कालवताना तुझं तोंड बघवत नसे. म्हणून दर वर्षी उन्हाळा सरताना, सगळा गाव पावसाळ्याच्या बेगमीची आगोट भरत असताना, मी तारकर्लीच्या एका बाईकडून तुझ्यासाठी सुके बांगडे आणायची. चांगले मोठे, खारवून कडक वाळवलेले, पाठीवर मिठाचा पांढरा थर. पावसात होड्या वर ओढल्या आणि ताजी मासळी बंद झाली की तुला दुपारच्या जेवणात तेवढं तरी चवीचं असावं. मी ते डब्यात भरते आहे, तू जवळ उभी राहून म्हणतेस, "बरे हाडलंस," आणि मला वाटतं, चला, एक तरी गोष्ट हिच्या मनासारखी झाली. माझ्या डोक्यात तो मासा होता. मीठ नव्हतं.

त्या चक्करीनंतर तू नऊ वर्षं होतीस, आणि अर्धांगवायूच्या एका झटक्यात गेलीस.

आता कसालला माझी जी डॉक्टरीण आहे, ती माझ्याच वर्गात शिकलेली. मी पेशंट म्हणून तिच्यासमोर बसते आणि ती मला 'बाई' म्हणते. गेल्या महिन्यात तिने रक्तदाब दोनदा मोजला आणि मी काय काय खाते ते लिहून घेतलं. अंडं खा म्हणाली, बलकासकट, दिवसाला एक चालेल. बलकाची पूर्वी घालायचो एवढी भीती आता आम्ही घालत नाही, म्हणाली. गोळी सकाळी घ्या नाहीतर संध्याकाळी, चुकवू मात्र नका. नारळ बेताने. तोच शब्द, आये. मग मी सहज म्हणून सुके बांगडे सांगितले.

"किती वेळा?"

"पावसाळ्यात एक दिवसाआड."

तिने पेन खाली ठेवलं. "बाई, ते मीठच आहे. खारवलेला मासा कुजत का नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. फळ्यावर आकृती काढून."

काढली होती. तीस वर्षं काढत होते. मी तिला विचारलं, एखादीने नऊ वर्षं असं खाल्लं तर. तिने विचारलं, कोणी. मी म्हटलं, असंच. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी एका गोष्टीवर बोट नाही ठेवता येत, बाई." ती मला धीर देत होती हे मला कळलं. परीक्षेत नापास झालेल्या मुलांशी मीही त्याच आवाजात बोलायची.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस बरे गेले नाहीत. स्वयंपाकघरात गेले की तो बांगड्यांचा डबा दिसे. तुझा नारळ मी काढून घेतला आणि त्याच हाताने मीठ वाढलं, एवढंच डोक्यात फिरत राही. शेवटी एका सकाळी यंदाचे बांगडे डब्यातून काढले आणि परसात खड्डा करायला घेतला. परसाच्या दगडी गडग्यापलीकडे काकी ऊन खात बसली होती. तुझी तीच शेजारीण, आता नव्वदीला आलेली, कान शाबूत.

"खंय घेऊन जातंस ते?"

"पुरून टाकतंय. आयेक नऊ वर्सां मीच खाऊक घातलंय हे. माका काय ठाऊक."

काकीला हसू आवरेना. "तुज्या आवशीन? तिना कधी खाल्ल्यान ते? सगळे माझ्या घरात. तू शाळेत गेलंस काय गडग्यावरसून बांगडे हय येयत आणि माझ्याकडसून साराची वाटी थय जाय. तिका खोबरा व्हया होता, माका सुक्या. दोगांचाय भागला."

"पण मी येय तेव्हा घरात भाजल्याचो वास येय."

"एकटो भाजून ठेवी ती, वासाक. मगे तो मांजराक. एखादी शेपटी खाल्ल्यान आसात." मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "माजो बीपी खंयसून इलो, असा वाटता तुका? तुज्याच बांगड्यांचो तो. पण गोळी चुकवूक नाय कधी."

मी फावडं गडग्याला टेकवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. बराच वेळ. तुझ्या मांजराची आठवण निघाली, ते किती माजलं होतं त्याची. मी मनातल्या मनात तुला दटावायला गेले आणि ते जमलं नाही.

आडाळा माळ्यावरून खाली काढलाय. गंज घासला, पात्याला धार लावून आणली. आठवड्याला दोन नारळ फोडते, डॉक्टरणीला सांगून. सकाळी कोंबडीखालचं अंडं उकडते आणि बलकासकट खाते. सुक्याचा डबा धुऊन उन्हात घातला, आता त्यात कुळीथ आहेत. कात्रणं अजून कपाटाच्या दाराला आहेत, पिवळी पडलेली. काढत नाही. काही खोटी ठरली, काही खरी राहिली. हे पत्रही तिथेच चिकटवीन.

फक्त एक सांगायचं राहतं. बांगड्यांचं मला खरंच ठाऊक नव्हतं, पण वाटीचं होतं. एकदा शाळा अर्ध्या दिवसात सुटली आणि मी अवेळी घरी आले. तू पडवीत झोपली होतीस. मोरीत एक स्टीलची वाटी पडलेली, काकीच्या आडनावाचं अक्षर कोरलेली, तळाला नारळाच्या वाटपाचा तांबूस थर, तिरफळाचा वास. मी वाटी हातात घेऊन उभी राहिले. तुला विचारलं असतं तर ते बंद करावं लागलं असतं. म्हणून घासली, पुसली आणि गडग्यावर पालथी ठेवून आले. तू उठलीस आणि संध्याकाळपर्यंत मोरीत, फळीवर, चुलीमागे काहीतरी शोधत राहिलीस. "काय शोधतंस?" मी वहीतून मान वर न काढता विचारलं. तू म्हणालीस, "काय नाय गो."